दिगूने मोजलेली गिरणी

दिगंबर साठ्येला आमच्या जवळच्या टाउनशिपच्या वारसा समितीच्या अध्यक्षांनी फसवलं. गिरणी वाचवतो म्हणून त्याचे सगळे नकाशे घेतले, आणि त्याच नकाशांच्या आधाराने ती पाडून ओकच्या तुळया बिल्डरला दिल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी मालतीवहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले..."

विंडसरच्या मोटार कारखान्यात दिगूने आयुष्यभर साचे बनवले. रिटायर झाल्यावर तासाभराच्या अंतरावर, नदीच्या पाण्यावर चालणारी जुनी पिठाची गिरणी त्याला सापडली आणि तीन हिवाळे तो तिथे मापं घेत राहिला. मी लाकडी फरशांच्या धंद्यातला माणूस. एकदा बरोबर गेलो तेव्हा म्हणालो, "दिगू, या लाकडावर कोणाची तरी नजर पडणार." तो जात्याच्या दगडी तळीवर हात फिरवत म्हणाला, "तुला जिथे तिथे मालच दिसतो. या दगडाला छिन्नीने टाकी कोणी लावली असेल, ते बघ की!"

पुढे अध्यक्ष त्याच्या घरी जेवायला आले. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, दोन डब्यात बांधून घेतल्या. दिगू नकाशांची गुंडाळी आणायला उठला, तसा मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "लेखी घे. एक ओळ घे."

"घरी जेवलेल्या माणसाकडे कागद मागू? लाज वाटते रे."

"मग मी मागतो."

"तू गप्प बस. तू भांडशील."

जन्मात कधी गप्प न बसलेला मी त्या दिवशी गप्प बसलो. हा राग माझ्यावरच आहे, तो कोणावर काढू?

पाडकामाच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा निम्मी गिरणी जमिनीवर होती. कुंपणावर पाटी होती, इमारत धोकादायक असल्याची. दिगू जाळीला धरून इतकंच म्हणाला, "सरळ होती रे... मी स्वतः ओळंबा लावला होता."

बेसमेंटमधलं त्याचं टेबल वहिनींनी अजून हलवलेलं नाही. परवा तिथे मी त्याची वही उघडली. चारही भिंतींचा कल पेन्सिलीने लिहिलाय, सगळ्यात वाकडी भिंत उत्तरेची, तीही फक्त अर्धा इंच. अध्यक्षांना हा लेख वाचता येणार नाही, म्हणून समितीच्या पुढच्या सभेत मी पहिल्या रांगेतून इंग्रजीत विचारणार आहे : चारांतली कोणती भिंत धोकादायक होती? कोणी मोजली? त्या माणसाचं नाव सांगा, आणि ते मालतीवहिनींच्या समोर सांगा.