मर्यादित भागाचीच झेरॉक्स

ग्रंथालयात वीस वर्षं काढली की माणसाकडे पुस्तकांपेक्षा किस्से जास्त जमतात. पुस्तकं लोक नेतात आणि परत आणायला विसरतात. किस्से मात्र कुणी नेत नाही. आमच्या सोलापूरच्या कॉलेजातले हे किस्से कॉपीराइटचे, आणि त्यांची सुरुवात झाली मंगल मॅडमच्या पुस्तकापासून.

मंगल मॅडम मराठी शिकवतात. बिडी वळताना बायका एकमेकींना ज्या कहाण्या सांगतात, त्या त्यांनी दहा वर्षं घरोघर फिरून लिहून काढल्या. पुस्तक निघालं. प्रकाशक म्हणाला, ही आवृत्ती संपली तरच दुसरा भाग काढू. दुसऱ्या भागाची वही मॅडमच्या कपाटात तयार होती. आणि एके दिवशी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांना आपलं अख्खं पुस्तक स्पायरल बाइंडिंग करून रांगेत मांडलेलं दिसलं.

दुकानदार कौतुकानं म्हणाला, "मॅडम, तुमचं पुस्तक लई चालतंय की!"

मॅडम माझ्याकडे आल्या त्या रडतच. मी हादरलो. त्याच दुपारी ग्रंथालयात नोटीस लावली: 'अभ्यासासाठी पुस्तकाच्या मर्यादीत भागाचीच झेरॉक्स काढावी.'

*

तिसऱ्या दिवशी बी.ए.च्या आठ मुली एकच पुस्तक घेऊन ग्रंथालयातल्या झेरॉक्स मशीनपुढे ओळीनं उभ्या. पहिलीला पहिली पंचवीस पानं हवी होती, दुसरीला पुढची पंचवीस. आठवीच्या वाट्याला शेवटची पानं आणि मलपृष्ठ.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सर, नोटीस वाचली की आमी. प्रत्येकीनं मर्यादितच घेतलंय."

कव्हर कुणी काढायचं यावरून दोघींचं भांडणही झालं होतं म्हणे.

*

इतिहासाच्या बिराजदार सरांनी त्याच वर्षी मुलांसाठी नोट्स छापल्या. मी त्या चाळल्या आणि माझा विश्वासच बसेना. चार पुस्तकांतली प्रकरणं जशीच्या तशी, वर सरांचं नाव, आणि अगदी शेवटी एकच शब्द: 'साभार'.

"सर, साभार म्हणजे कुणाचे आभार?"

"सगळ्यांचे," सर शांतपणे म्हणाले. "एकाचं नाव घ्यावं तर दुसऱ्याला राग. आपण कशाला कुणाला दुखवायचं?"

*

मग एकदा माढ्याला एका कॉलेजात काम निघालं. तिथल्या ग्रंथालयाच्या दारावर माझी नोटीस! अक्षर न अक्षर माझं. घाईत मी 'मर्यादीत' असं चुकीचं लिहून ठेवलं होतं, तेही तसंच. खाली त्यांच्या ग्रंथपालांची सही.

"मुलं फार कॉपी करतात हो," ते माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाले. "म्हणून स्वतः बसून मजकूर तयार केला."

मी चहा प्यायलो.

*

आमचे प्राचार्य कॉपीराइटच्या एका कार्यशाळेला जाऊन आले ते घाबरूनच. पुढच्या महिन्यात मराठीचा पेपर होता. मी सुपरव्हिजनला. पेपर उघडला तर छापलेलं, 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.' आणि खाली थेट पाच प्रश्न. उताराच नाही. पेपर संपल्यावर मी धावत प्राचार्यांकडे गेलो.

"लेखकाची परवानगी नव्हती," ते म्हणाले. "मीच काढून टाकला."

"अहो सर, प्रश्नपत्रिकेला कायद्यातच सूट आहे. परीक्षेला उतारा चालतो."

सरांनी विचारलं, "मग आता पोरांचं काय?"

पोरांचं काही अडलं नव्हतं. सगळ्यांनी पाचही उत्तरं लिहिली होती. एकानंही उतारा मागितला नव्हता.

*

इतकं होऊनही झेरॉक्सवाला थांबला नाही. शेवटी मॅडमनी पोलिसांत द्यायला तक्रार लिहिली. ती पर्समध्येच होती. मी साक्षीदार म्हणून बरोबर निघालो. वाटेत त्या म्हणाल्या, "आधी भवानी पेठेत नरसम्मांकडे जाऊ." पुस्तकातल्या निम्म्या कहाण्या या नरसम्मांनी सांगितलेल्या, आणि त्यांना प्रत द्यायची राहूनच गेली होती.

नरसम्मा मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यात बिड्या वळत बसल्या होत्या. पुस्तकावरून त्यांनी हात फिरवला आणि अकरावीतल्या नातीला म्हणाल्या, "वाच की."

नात शाळेत वाचतात तसं पहिल्या पानापासून वाचायला लागली. पुस्तकाचं नाव. मॅडमचं नाव. मग पान उलटून, "सर्व हक्क लेखिकेकडे. लेखी परवानगीशिवाय यातील कोणतीही कहाणी कोणत्याही स्वरूपात वापरता येणार नाही."

"म्हंजी?" नरसम्मांनी विचारलं.

नातीनं त्यांच्या घरच्या तेलुगूत समजावून सांगितलं. नरसम्मांच्या हातातलं बिडीचं पान सुपात पडलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घाबरल्या होत्या.

"बाई," त्या मॅडमना म्हणाल्या, "धाकटा नातू कहाणीबिगर जेवत न्हाय. माज्या आईनं सांगितलेल्याच सांगते मी त्याला. तुमची परवानगी घ्याया पायजे व्हती, मला ठावं नव्हतं. आता देता का? पर हितं लेखी म्हणतंय. मला लिवता येत न्हाय. आंगठा चालंल व्हय?"