जाईची ओळ

आकारामनं चाळीस वर्षं दगड घडवला, पुलांचा आणि कालव्यांचा. सत्तरीला हातोडा ठेवून तो आटपाडीकडच्या आपल्या कोरड्या गावात येऊन बसला. दोन वर्षं बसला, मग नातीच्या एका फोटोनं त्याला उठवलं.

नात शिवांजली, इंग्लंडात नर्स. तिकडच्या एका खेड्यातल्या चर्चच्या भिंतीवर नावांचा दगड आहे, त्याचा तो फोटो. चारशे वर्षांपूर्वी त्या गावातून जहाजानं अमेरिकेला गेलेल्यांची ती नावं. वर्षातून एकदा त्यांच्या वंशातली माणसं तिथं येतात, गावातली एक म्हातारी सगळी नावं मोठ्यानं वाचते, मग चहा होतो. शिवांजली फोनवर म्हणाली, "आजोबा, त्या गावात दुकान एकच हाय. पन दगड हाय."

आकारामच्या गावातूनही माणसं गेली होती. दीडशे वर्षांपूर्वी, दुष्काळात, मॉरिशसच्या उसात राबायला. त्यांच्यातल्या एका घराण्याची मंजुळा नावाची बाई आता आप्तांना घेऊन रविवारी गाव बघायला येणार होती.

सरपंच नानासोला विट्याहून ग्रॅनाइटची पाटी आणायची होती. वर सरपंच, उपसरपंच, कमिटीचे नऊ सदस्य, आणि जागा उरली तर खाली गेलेल्यांची नावं.

"नानासो, मॉरिशसला तू गेलावतास व्हय रं?" आकारामनं विचारलं.

"आण्णा, रीत असती ती."

"मग तुमची पाटी तुमी लावा. गेलेल्यांचा दगड मी घडवतो."

मंजुळानं जहाजाच्या जुन्या यादीचे फोटो पाठवले होते. शाळेतल्या पूजाबाईंनी ते वाचून नावं उतरवून दिली. आकारामनं ओढ्याकाठचा काळा दगड निवडला, देवळापुढच्या लिंबाखाली आडवा घातला आणि अकरा नावं कोरली. त्याच्या उस्तादाचा नियम होता, ज्वारीचा दाणा अक्षरात ठेवला की अर्धा बुडाला पाहिजे. प्रत्येक अक्षरात त्यानं दाणा ठेवून बघितला. दगड पुरा झाला आणि त्याचा फोटो मंजुळाला गेला.

बुधवारी सकाळी तिचा फोन आला. पूजाबाई फोन घेऊन लिंबाखाली आल्या.

"विठू आहे," पलीकडून मंजुळा जपून मराठी बोलत होती. "जाई कुठं आहे?"

पूजाबाईंनी यादी काढली. 'विठू, वय तीस, सोबत बायको.' तिचं नाव दुसऱ्या पानावर होतं. ते पान पूजाबाईंनी वाचलं होतं, आकारामला सांगितलंही होतं. एका माणसामागं एक ओळ, बायको त्यातच आली, असं दोघांनी न बोलताच धरलं होतं.

मंजुळा म्हणाली, "विठू पहिल्याच वर्षी तापानं गेला. जाईनं वीस वर्षं ऊस तोडला. आम्ही सगळे तिचे."

फोन बंद झाला. तिथंच उभा असलेला नानासो म्हणाला, "त्यात काय? खाली चार बोटं जागा हाय. बारीक अक्षरात टाका."

"खाली न्हाई. विठूच्या पुढच्या ओळीला."

"तितं तर दुसरं नाव हाय की!"

"म्हनूनच सगळी उतरवायची."

"आण्णा, येडं झालासा का? चार दिस राहिलं!"

"चार लय झालं. तू बाजूला हो, चिपा उडत्यात."

दुपारी बायको साळूबाई भाकरी घेऊन आली. दगडावरची तीन नावं तोवर गेली होती. ती म्हणाली, "आवं, माजं नाव तरी कोरलं असतं का तुमी? का आकाराम सोबत बायको?"

आकाराम भाकरी खात राहिला. खाऊन झाल्यावर पुन्हा छिन्नी धरली.

गुरुवारी दुपारपर्यंत दगडाचं तोंड अर्धा इंच खाली गेलं. पाणी ओतून, सरळ पट्टी फिरवून त्यानं ते सपाट केलं. डाव्या अंगठ्यात जोर राहिला नव्हता, तेव्हा छिन्नी फडक्यानं मुठीला बांधली. बारा ओळी पुन्हा आखल्या. शुक्रवारी पाच नावं झाली, पाचवं जाई. शनिवारी सहा. दाणे आता साळूबाई ठेवत होती. एखादा दाणा वर राहिला की ती बोट दाखवायची.

रविवारी सकाळी दगड उभा झाला, तेव्हा बारावं नाव व्हायचं होतं. आकाराम दगडापुढं बसून तेच कोरत होता, तोवर पाहुण्यांची गाडी आली. नानासो हार घेऊन धावला.

"आण्णा, उठा! दिसतंय की नाव!"

"दिसतंय. बसलं न्हाई."

"पावनं उनात हायती!"

"मग त्यास्नी सावलीत घे."

मंजुळा साठीची, पांढऱ्या केसांची. ती सावलीत गेली नाही. दगडाशी आली, पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट अक्षरात शिरलं तसं ते तिथंच राहू दिलं. मग आकारामच्या शेजारी मातीत बसली. आकारामचा हातोडा आणखी दहा मिनिटं चालला.

साळूबाईनं शेवटच्या अक्षरात दाणा ठेवला. अर्धा बुडाला.

आकारामनं मुठीचं फडकं सोडलं आणि मंजुळाला म्हणाला, "वाचा आता. मोठ्यानं."