शेजारच्या विश्वातला गणराज

ज्योतीराम चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करतो. तेल लावलेले पत्रे एकावर एक रचलेले असतात. एक उचलायचा, साच्यात ठेवायचा. कधी दोन पत्रे असे चिकटतात की एकच वाटतो. तसेच आत गेले तर साचा खराब होतो. म्हणून तो प्रत्येक पत्र्याची कड आधी अंगठ्याने चाचपतो. चहाच्या टपरीवर पेपर वाचतानाही त्याचा अंगठा पानाच्या कडेवरून फिरत असतो.

रहाटणीत आम्ही एकाच इमारतीत राहतो. मी मराठीत एम.ए. केलं. आमची मैत्री जमली ती त्याच्या धाकट्या भावामुळे, गणराजमुळे. गणराज गेल्या वर्षी गेला. त्या दिवशी पहिली शिफ्ट ज्योतीरामची होती. त्याला ताप होता, म्हणून त्याच कारखान्यात असलेल्या गणराजने शिफ्ट बदलून घेतली. चाकणच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला कंटेनरने उडवलं.

त्यानंतर ज्योतीराम कंपनीच्या बसमध्ये विश्वावरचे हिंदी व्हिडिओ बघू लागला. एकदा मला म्हणाला, “राव, आपलं अख्खं विश्व म्हणजे एक पडदा आहे म्हणतात. ब्रेन. डोक्यातला नव्हे. आपल्या पत्र्यासारखा समज. त्याला चिकटून दुसरा असू शकतो. पण इकडचा उजेड तिकडे जात नाही. फक्त गुरुत्वाकर्षण थोडंफार झिरपत असेल.”

“सिद्ध झालंय?”

“नाही रे. गणितात बसतं, एवढंच.”

पण घरी त्याची आई, सुभद्राबाई, जेवत नव्हती. एका संध्याकाळी त्याने तिला हेच सांगितलं आणि शेवटी स्वतःचं जोडलं. त्या दुसऱ्या विश्वात शिफ्ट बदललीच नाही. तिथे गणराज जिवंत आहे.

सुभद्राबाई जेवू लागल्या.

मग वर्षश्राद्ध जवळ आलं. त्यांनी गुरुजींना दारातूनच परत पाठवलं. “जित्या माणसाचं श्राद्ध घालत्यात व्हय?”

लातूरहून पाहुणे निघाले होते. ज्योतीराम माझ्याकडे आला. “तू शिकलेला आहेस. तू सांग तिला. मी खोटं बोललो हे माझ्या तोंडून निघत नाही. परत जेवण सोडलं तर?”

मी गेलो. सुभद्राबाई ताटं धूत होत्या. ज्योतीराम दाराशी उभा राहिला.

“मावशी,” मी म्हणालो, “शास्त्रज्ञ म्हणतात, दुसरं विश्व असू शकतं. पण तिथे आपलीच माणसं आहेत असं ते म्हणत नाहीत.”

“तुमी कथा-कविता वाचा. ह्यात नका पडू.”

त्यांनी ज्योतीरामकडे पाहिलं. “तिथं शिफ्ट बदलली न्हाई म्हणलास ना?”

“हो.”

“मग त्या रस्त्यानं कोण गेलं?”

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. ज्योतीरामच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या मनात ते पहिल्यापासून होतं.

सुभद्राबाईंनी ओल्या हातांनी त्याचे गाल धरले. “तू गेलास. आन तिथली सुभद्रा? ती तुझं श्राद्ध मांडून बसली आसंल.”

“आई, मी ते उगाच बोललो. तुझ्यासाठी...”

“ठावं हाय. सांगताना ताटाची कड चाचपत व्हतास.”

“मग जेवायला का लागलीस?”

“तू येवढं सांगत व्हतास म्हणून.”

“आणि गुरुजींना परत का पाठवलंस?”

त्यांनी त्याचे गाल सोडले. “श्राद्ध घातलं की खरंच गेला, आसं हुतं.”

त्या पुन्हा ताटांकडे वळल्या. दोन ओली ताटं एकात एक अडकली होती. सुटेनात. ज्योतीरामने पुढे होऊन कडेला अंगठा लावला. ताटं वेगळी झाली.

“गुरुजीला फोन लाव,” त्या म्हणाल्या. “हिकडचा गणराज माझा व्हता. त्याचं मीच करायचं.”

एक ताट त्यांनी ज्योतीरामपुढे ठेवलं. भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, भाकरीवर अजून एक भाकरी ठेवली.

“बास, आई.”

“जेव गुमान. तिथल्या त्या बाईला तुला वाढता येत न्हाई.”

तो खाली मान घालून जेवू लागला. मी निघायला हवं होतं. तेवढ्यात दुसरं ताट माझ्यापुढे आलं.

“बसा, कथावाले. तुमी बी जेवा.”