बधिर पाय

लखनौमध्ये डोंगर नाही, साधं टेकाडही नाही. त्यामुळे आमच्या गिर्यारोहण मंडळाचा सराव निशातगंजच्या पुलावर चालायचा. पाठीवर पिठाच्या पिशव्यांनी भरलेल्या सॅक, पायांत बर्फातले जड बूट, आणि आम्ही पाच जण पुलाचा चढ चढतोय, उतरतोय, पुन्हा चढतोय. एका भाजीवाल्याने एकदा गाडी थांबवून मला काळजीने विचारलं होतं, "दीदी, कहीं बाढ़ आई है क्या?" पूर आला म्हणून आम्ही सामान घेऊन निघालोय, असं त्याला वाटलं.

दोन हजार दहानंतरच्या त्या वर्षांत शिखरं चढण्याची साथच आली होती. हिमालय रात्रभराच्या गाडीवर, पण आमच्याकडच्या लोकांना परदेशातले बर्फाचे ज्वालामुखी हवे असायचे. आफ्रिकेतला किलीमांजारो नाहीतर रशियातला एल्ब्रुस. तिथे दोरावर लोंबकळावं लागत नाही, दम आणि रजा एवढं असलं की पुरतं. वर तिरंगा धरून फोटो काढायचा, तो पेपरात येतो, मग सत्कार. मी हे नाक मुरडत सांगते आहे खरं, पण मीही एल्ब्रुसला गेलेच की.

मी शाळेत भूगोल शिकवायची. दरवर्षी फळ्यावर ज्वालामुखी काढायची आणि लाल खडू झिजवायची. नवऱ्याच्या संशोधन संस्थेतल्या नोकरीमुळे आम्ही साताऱ्याहून इथे आलो, महानगर नावाच्या वस्तीत घर घेतलं, मुलगी इथेच वाढली. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत द्यायची. मी विचारायचं, "जेवलीस का?" तिने म्हणायचं, "हाँ, खा लिया." घरात दोन भाषांचे दोन नळ होते आणि दोन्ही एकदम चालू असायचे. एक दिवस वाटलं, आपण चाळिशी ओलांडली आणि फळ्यावरचा डोंगर काही प्रत्यक्षात पाहिला नाही. एवढंच कारण. त्यामागे काही मोठं दुःख वगैरे नव्हतं.

शेजारच्या आंटींनी "ज्वालामुखी" ऐकलं आणि त्या मला हिमाचलातल्या ज्वालामुखी देवीच्या दर्शनाला निघालेली समजल्या. लाल चुनरी आणून दिली. "माता को मेरी तरफ़ से चढ़ा देना." मी एकदा सांगून पाहिलं की हे रशियात आहे. त्या म्हणाल्या, "माता तो सब जगह हैं, बेटा." मी चुनरी सॅकमध्ये ठेवली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आम्हा मराठी लोकांना हिंदी शब्द आठवला नाही की आम्ही सरळ संस्कृत वळणाचा मराठी शब्द ठेवून देतो. हिंदीतही तो असणारच, असा आमचा भरवसा. तो असतोही, फक्त त्याचा अर्थ निराळा निघतो. लखनौला आल्यावर पहिल्याच महिन्यात शाळेच्या मुख्याध्यापक बाई मला म्हणाल्या होत्या, "आप चेष्टा कीजिए," आणि मी दिवसभर फुगून बसले होते. घरी आल्यावर कळलं की त्या मला फक्त प्रयत्न करायला सांगत होत्या.

लखनौच्या अमौसी विमानतळावर हार घालून आमची पाठवणी झाली. एल्ब्रुसच्या पायथ्याच्या गावात बूट भाड्याने घ्यायचे होते. माझ्या मापाचे नव्हते, होते ते थोडे लहान. आमचा लीडर बँकेत अधिकारी होता, स्वभावाने मोकळा, बोलायला गोड. तो म्हणाला, "चलेगा भाभीजी, एक मोज़ा कम पहन लीजिए." मी मोज्यांच्या दोन जोड्यांतली एक काढली.

त्या डोंगराला दोन शिखरं आहेत आणि मध्ये खिंड. फळ्यावर मी नेहमी एकच तोंड काढत आले होते. वर लाल काही नव्हतं. सगळं पांढरं, आणि वारा असा की डोळे उघडवत नव्हते. विरळ हवेत डोकं हळूहळू खोल्या बंद करत जातं. आधी इंग्रजी गेलं. मग हिंदी अर्धं गेलं. खिंडीत बसलो तेव्हा लक्षात आलं की उजव्या पायाची बोटं मला जाणवतच नाहीयेत. मी लीडरला काहीतरी सांगितलं, निदान सांगितल्यासारखं वाटलं. तो हसला. गॉगलमुळे डोळे दिसले नाहीत, दात दिसले. मग तो माझ्या कानाशी आला आणि ओरडला, "बस थोड़ा और है, भाभीजी!" तिथून पुढे तो माझ्याशी ओरडूनच बोलत राहिला, वर हातवारे करून. मला वाटलं, वाऱ्यामुळे असेल.

शिखरावर फोटो काढला. बर्फाच्या कुऱ्हाडीला आंटींची चुनरी बांधली. मला काहीही वाटलं नाही. आनंद नाही, भीती नाही, थंडीसुद्धा नाही.

खाली पत्र्याच्या खोलीत मोजा काढला तेव्हा बोटं खोबऱ्याच्या कापासारखी पांढरी होती. मग ती जांभळी झाली, मग काळी. लखनौला परत आल्यावर अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काढली.

डॉक्टरांनी विचारलं, "बताया क्यों नहीं किसी को?" नवरा म्हणाला, "अगं, वेळेवर सांगायचं तरी." तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता, पण वाक्य तेच होतं. शाळेत, बाजारात, फोनवर साताऱ्याहून सगळ्यांनी तेच विचारलं. लीडर फळं घेऊन आला आणि नवऱ्याला हळूच म्हणाला, "भाभीजी ने एक बार भी नहीं कहा. मैं तो वहीं से लौटा लाता." मी आतून ऐकलं. त्याला खोटं बोलायची गरज नव्हती, म्हणजे मीच बोलले नसणार. मनातल्या मनात बोलले असेन. आपण आपल्या हाताने आपली बोटं घालवली, तोंड उघडलं नाही म्हणून, हे मी मान्य करून टाकलं. रडू आलं नाही. आंटींनी विचारलं, "दर्शन हुए?" मी म्हटलं, "हुए." बुटाच्या टोकात कापूस भरून मी शाळेत जायला लागले. ज्वालामुखीचा धडा आला तेव्हा तो दुसऱ्या बाईंना दिला.

काही महिन्यांनी सत्कार झाला. शाल, नारळ, मोठं स्मृतिचिन्ह. नवरा दौऱ्यावर होता, म्हणून मुलगी माझ्यासोबत पहिल्या रांगेत बसली होती. लीडर भाषणाला उभा राहिला. पुढच्या वर्षी किलीमांजारो, असं जाहीर केलं, टाळ्या घेतल्या, आणि मग लोकांना जरा हसवावं म्हणून म्हणाला, "और हमारी भाभीजी! ऊपर ऑक्सीजन कम हुआ तो कहने लगीं, मेरे पैर बधिर हो गए हैं. मैंने सोचा, लो, पैर भी कभी बहरे होते हैं? समझ गया, कान बंद हो गए हैं बेचारी के. उसके बाद सारे रास्ते चिल्ला-चिल्लाकर बात की मैंने!"

सभागृह खदखदून हसलं. मीही हसले. सवय असते ना, स्टेजवरून आपलं नाव निघालं की हसायची. हसता हसता तो शब्द आत पोचला.

बधिर. हिंदीत बहिरा माणूस, बस. मराठीत मूकबधिर शाळेतला बधिर तर आहेच, पण पायही बधिर होतो, दातांच्या डॉक्टरांनी सुई दिली की गालही होतो. हिंदीतला सुन्न मला त्या खिंडीत सापडला नव्हता. मराठीत सुन्न होतं ते मन, पाय नाही. म्हणून मी त्याला माझा शब्द दिला होता, स्पष्ट, मोठ्याने. आणि त्याने तो लक्षात ठेवला होता, गंमत म्हणून. मी एकदाही काही बोलले नाही, असं सांगतानाही ती गंमत त्याच्या लक्षात असणार. ती गंमत आणि माझं सांगणं एकच आहे, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

शेजारी मुलगी हसत नव्हती. ती माझ्या बुटाकडे बघत होती. लहानपणी ती मांडीवर बसली आणि माझा पाय अवघडला की मी तिला म्हणायची, ऊठ बाई, पाय बधिर झाला. त्या सभागृहात तो शब्द समजणारी ती एकटीच होती.

"आई," ती म्हणाली, मराठीत, "म्हणजे तू सांगितलं होतंस."

"हो."

"त्यांना सांगितलं होतंस तू."

"हो गं."

स्टेजवरून लीडर मला दोन शब्द बोलायला बोलावत होता. मागचे लोक माना उंचावून बघत टाळ्या वाजवत होते. माझे कान तापले. मला राग आला होता. डोंगरावरून उतरल्यापासून मला पहिल्यांदाच काहीतरी होत होतं, आणि ते इतकं दुखत होतं की मी मुलीचा हात घट्ट धरला आणि उठले.