बुजवलेला झरोका

मी हमीद, लोणावळ्याचा गवंडी. लोक मला विचारतात, कस्तुराबाई कशी गेली? पावसाळी हवा बाधली असेल, असं सांगून मी सुटतो. आज खरं सांगतो.

कस्तुराबाई पवनेकाठची. नवरा मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर माळी होता. तो गेला आणि राखण हिच्याकडे आली. मागची एक खोली राहायला, सोबतीला नवऱ्यानं टाकलेली लेक बया. त्या खोलीशिवाय दोघींना जगात जागा नव्हती. शेठ यायचे उन्हाळ्यात आणि दिवाळीला. मधले चार महिने बंगला बंद, आणि आत ही बाई ओलीशी भांडत असायची. लोणावळ्याचं धुकं मेलं फटीफटीतून घरात शिरतं, गाद्यांना, कपाटांना बुरशी धरते. बाई कोळशाची शेगडी घेऊन खोल्या फिरायची. भिंत वाळली का बघायला गाल टेकवायची. तोंडानं भारी तिखट. मी कौलं चाळायला गेलो की म्हणायची, ‘‘आला का गळती ठेवणारा!’’

पस्तीस साली मी तिथं नवं न्हाणीघर बांधलं. आत टब, भिंतींना पांढऱ्या फरशा, वर फळ्यांचं छत. वाफ जायला उंचावर हातभर झरोका ठेवला. मे महिन्यात शेठाणी अंघोळीला बसल्या आणि माकडानं झरोक्यातून आत येऊन विलायती साबण पळवला. काय तो आरडाओरडा! आम्ही परसात पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी हुकूम आला, झरोका बुजवा.

कस्तुराबाई पुढं झाली. ‘‘शेठ, बुजवू नगा. जाळी मारा की. वाफ जानार कुटनं?’’

‘‘तू मला शिकवणार?’’ शेठ म्हणाले. ‘‘दिवाळीला येईन. फरशीवर बुरशीचा ठिपका दिसला तर खोली खाली करायची.’’

तिनं माझ्याकडं बघितलं. बाईचं बरोबर आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. पण शेठचे भाऊ शेजारी बंगला बांधणार होते, ते काम मला हवं होतं. मी गपगुमान विटा लावल्या.

पावसाळ्यात व्हायचं तेच झालं. फरशांच्या सांध्यांत काळी बुरशी आली. ‘‘रोज पुसते, रोज उगवती रांडंची!’’ बाई करवादायची. मग ती शेगडी न्हाणीघरात न्यायला लागली. धूर संपेस्तोवर बाहेर ठेवायची, निखारे लाल झाले की आत. धुकं येऊ नये म्हणून दार लावून घ्यायची आणि पाझरलेलं पाणी फडक्यानं टिपत बसायची.

मी विचारलं, ‘‘बाई, गुदमरत नाही?’’

‘‘धूर न्हाई, मंग भ्या कशाचं? जल्मभर शेगडीपाशीच निजलो आमी.’’

मलाही ते पटलं. सारा मावळ तसाच निजतो. पण मावळातल्या घराला कौलांच्या फटी असतात, आणि त्या न्हाणीघराला मी सुई जाईल एवढी फट ठेवली नव्हती. मी गवंडी, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

श्रावणातली दुपार. मी कौलांवर होतो. बया जेवायला हाका मारून दमली, मग तिनं ओरडून मला बोलावलं. मी दाराला खांदा दिला. बाई टबाला टेकून बसली होती, हातात फडकं, चेहरा लालबुंद. वाटलं, डोळा लागलाय. या अल्ला, अंग गार पडत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, कोळशाची हवा कोंडली.

पुढं बयानं न्हाणीघर सांभाळलं. शेगडीला तिनं हात लावला नाही. दार सताड उघडं टाकून दिवसातून सात-आठ वेळा पुसायची. दिवाळीला शेठ आले, फरशीवरून बोट फिरवलं आणि खूश होऊन म्हणाले, ‘‘बघ हमीद, एक ठिपका नाही! म्हातारी उगाच कटकट करत होती.’’ मग सहज म्हणाले, ‘‘नवा राखणदार ठेवलाय मी. त्या पोरीला खोली मोकळी करायला सांग.’’

थू माझ्या जिनगानीवर, मी जाऊन सांगितलं.

बया चुलीपुढं होती. रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, ‘‘भाऊ, ठिपका तर न्हाई ना ऱ्हायला? मंग काय चुकलं आमचं?’’

मी तिची ट्रंक उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली.