वैजनाथभावजी आणि साबुदाण्याएवढी चांदणी

"रांगोळी मी घातली होती."

"हो. पण कमळाची एक पाकळी दुसरीपेक्षा अर्धं बोट लांब होती."

"मग? कमळ आलं होतं का तक्रार घेऊन तुमच्याकडे?"

"चूक दिसली, दुरुस्त केली. त्यात एवढं काय झालं?"

"काही नाही. उद्यापासून तुम्हीच घाला."

हे भांडण मी खडकीच्या क्वार्टरमध्ये ऐकलं. मुद्दाम कान लावला नव्हता. आमच्या आणि त्यांच्या घरामधली भिंतच अशी होती की त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला लागायचा. बोलत होती ती मथुरा, माझी मैत्रीण. उत्तरं देत होते ते तिचे यजमान, वैजनाथभावजी. कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार माल मापाच्या गेजवर धरायचा, केसभर फरक दिसला की बाजूला काढायचा, हे काम. काम उत्तम करायचे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच आहे की पाच वाजता भोंगा झाल्यावर कारखाना बंद व्हायचा, भावजी बंद व्हायचे नाहीत. मथुरा पाणी आणायला गेली तेवढ्यात त्यांनी लोखंडी फूटपट्टी घेऊन दारातली रांगोळी सरळ केली होती.

त्यानंतर मथुराने दारात रांगोळी काढली नाही. दिवाळीला नाही, लेकीच्या लग्नात नाही. भावजींना ते खटकलं का? नाही. उंबरा आता एकदम स्वच्छ दिसतो, असं मला म्हणाले होते.

पुढे दोन्ही घरं बिबवेवाडीला एकाच सोसायटीत आली. भिंत जाड झाली, शेजार तोच राहिला. भावजी रिटायर झाले, म्हणजे आता दिवसभर मोकळे. आमच्या सोसायटीत वाकडं असं काही उरलं नाही. नोटीस बोर्ड, लेटरबॉक्सची दारं, कुणाच्याही घरातल्या भिंतीवरचे कुणाचेही स्वर्गवासी आजोबा, सगळे एका रेषेत. माझ्याकडे चहाला आले की आधी कॅलेंडरचा खिळा बघायचे, मग मला. "वहिनी, जरा डावीकडे झुकलंय." मी म्हणायची, "भावजी, तारीख बरोबर दाखवतंय ना? मग झुकू द्या."

अशा माणसाच्या डोक्यावर, गच्चीत, माझ्या नातीने कॅमेरा बसवला.

कल्याणी आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास करते. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला मृग नक्षत्र कळतं ते पेरणीपुरतं. पण तिने सांगितलं ते समजलं. त्या मृगातच एक तांबूस मोठा तारा आहे, काक्षी म्हणतात त्याला. तो एकसारखा तेवत नाही. काही महिने मंदावतो, मग पुन्हा उजळतो. अशांना रूपविकारी तारे म्हणायचं. "सोसायटीत आधीच कमी होते का?" मी विचारलं.

आता गंमत अशी, की जगात मोठमोठ्या दुर्बिणी आहेत, डोंगरभर खर्च करून बांधलेल्या, आणि त्यांना हा तारा मोजता येत नाही. फार लख्ख आहे म्हणून. त्यांचे डोळे दिपतात. म्हणून मग असे छोटे, एका नजरेत मोठं आकाश घेणारे कॅमेरे गावोगाव लावायचे आणि रोज रात्री फोटो काढत राहायचं. पुण्याच्या उजेडात बारीक चांदणी दिसायची सोयच राहिलेली नाही, पण हे ठळक तारे दिसतात. तेवढ्यावर आमची गच्ची पास झाली.

सेक्रेटरींना वाटलं कॅमेरा शेजारच्या बिल्डिंगमध्ये डोकावतोय. मग कल्याणीने त्याचं चित्र सोसायटीच्या ग्रुपवर दिसेल अशी व्यवस्था केली. लोकांनी दोन दिवस बघितलं, आकाशाशिवाय काही नाही म्हटल्यावर नाद सोडला. भावजींनी सोडला नाही.

दुसऱ्याच दिवशी मोबाइल घेऊन हजर. "कल्याणी, फोकस गेलाय तुझा. चांदण्या बघ, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या दिसतायत."

"मुद्दामच तसा ठेवलाय, आजोबा."

"मुद्दाम?"

तिने माझ्या ओट्यावरच्या वाट्या मांडून दाखवलं. कॅमेऱ्यात म्हणे अशा लाखो बारीक वाट्या असतात, उजेड झेलणाऱ्या. तारा टोकदार ठेवला तर त्याचा सगळा उजेड एकाच वाटीत पडतो आणि उतू जातो. उतू गेलेलं दूध किती होतं, कसं सांगणार? तेच थोडं धूसर केलं, की उजेड पुष्कळ वाट्यांत पसरतो, एकही काठोकाठ भरत नाही, आणि सगळं मिळून किती ते बरोबर मोजता येतं. म्हणून लेन्सची कडी जराशी फिरवून वर चिकटपट्टी लावून टाकली आहे, ती हलता कामा नये.

मला पटलं. मी जन्मभर दूध तापवलंय. भावजींनी मान हलवली. कारखान्यात साहेब नवीन असला की ते अशीच मान हलवायचे, असं मथुरा सांगते.

शेजारी बांधकाम चालू आहे, त्याची धूळ काचेवर बसायची. कल्याणी कॉलेजातून यायची उशिरा. माझे गुडघे जिना बघूनच दुखतात. तेव्हा रोज दिवेलागणीला वर जाऊन काच पुसायचं काम भावजींनी आपणहून घेतलं. मऊ धोतराचा तुकडा, गच्चीची किल्ली, आणि चालले. कॅमेरा अंधार पडायच्या आधीच सुरू व्हायचा, त्यामुळे रोजच्या पहिल्या फोटोत भावजींचा तोंडभर चेहरा असायचा, पुरणपोळीएवढा, धूसर. "आकाशात रोज पहिला हा ग्रह उगवतो," मथुरा म्हणायची.

संक्रांत झाली आणि एके दिवशी कल्याणी कॉलेजातून वेळेआधी घरी आली. तोंड उतरलेलं. तिच्या मॅडमनी विचारलं होतं की पुण्याच्या कॅमेऱ्याला झालंय काय. आठवडाभराचे फोटो निकामी. तारे सुईच्या टोकासारखे, आणि काक्षी म्हणजे नुसता पांढरा जळका डाग. आणि हे नेमकं तो तारा मंदावत चाललेला असताना. खाली किती जातो आणि कधी वळतो, हेच तर तिला पकडायचं होतं. मॅडमनी सरळ सांगितलं, पुन्हा असा खंड पडला तर कॅमेरा काढून दुसऱ्या गावाला देऊ.

ती गच्चीवर गेली आणि खाली आली ती डोळे पुसत. लेन्सवरची चिकटपट्टी नवी होती. अगदी काटकोनात कापलेली, कडेला कड जुळवून.

दुसऱ्या कुणावर संशय घ्यायला जागाच नव्हती.

आम्ही दोघी शेजारी गेलो. भावजी खुर्चीतून उठलेच, आनंदाने. "आलीस? मी वाटच बघत होतो, कधी लक्षात येतंय तुझ्या. किती लख्ख दिसतंय आता! आणि ती पट्टी कुणी लावली होती? शाळेतल्या पोरानं?"

"आजोबा, माझा आठवडा गेला."

"म्हणजे?"

"तारा उतू गेला. पुन्हा असं झालं तर माझा कॅमेरा काढून नेणार आहेत."

भावजी तिच्याकडे बघत राहिले, मग मोबाइलकडे. मथुरा आतून आली, पदराला हात पुसत. "काय दुरुस्त केलं?" तिने विचारलं. कुणीच सांगितलं नाही, तरी तिला कळलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि परत आत गेली. तो "बरं" ओरडण्यापेक्षा वाईट होता.

गच्चीची किल्ली कल्याणीने परत घेतली. तिने कडी पुन्हा पहिल्यासारखी लावली, आणि आता सगळं ठीक होईल असं आम्हाला वाटलं. धुळीला ते कुणी कळवलं नव्हतं. बिल्डरने फरशी कापायला घेतली आणि काचेवर थर बसायला लागले. पुन्हा मॅडमचा फोन. कल्याणीला रोज लवकर येणं जमेना, वॉचमन एक दिवस पुसायचा आणि दोन दिवस विसरायचा. वर तारा मंदावतोय की खाली काच, हे कळायला मार्ग नाही.

त्या काळात भावजी जिन्यात बसायचे. कॅलेंडरकडे बघायचेही नाहीत. मी मुद्दाम ते वाकडं करून ठेवलं, चहाला बोलावलं. चहा पिऊन निघून गेले. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

शेवटी मथुराच आली, किल्ली मागायला. कल्याणी म्हणाली, "आजी, पुन्हा हात लावला तर? माझं सगळं वर्ष आहे त्यात."

"लावतील," मथुरा म्हणाली. "मी खात्री देणार नाही. मी काय, त्यांची आई सुद्धा देणार नाही. पण धूळ रोज पुसणारा दुसरा माणूस आहे का तुझ्याकडे?"

नव्हता. कल्याणीने किल्ली स्वतः नेऊन त्यांच्या हातात दिली. भावजींनी ती घेतली. वचनबिचन दिलं नाही, ते एक बरं केलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघी मोबाइल घेऊन माझ्या पलंगावर बसलो, क्रिकेटची मॅच असल्यासारख्या. चेहरा आला. एका हातात फडकं. दुसरा हात कुठे दिसेना. "दुसऱ्या हाताने काय करतायत?" कल्याणी घाबरली. पुढच्या फोटोत ते पाठमोरे झाले होते, तेव्हा दिसलं. डावा हात पाठीमागे धरलेला होता, कुणी बेडी घातल्यासारखा.

मग रोज तसंच. एकदा मी विचारलं, "जड जात असेल ना, भावजी?"

"वहिनी," ते म्हणाले, "जिना उतरेपर्यंत हात शिवशिवतो. ती चांदणी डोळ्यांपुढून हलत नाही. एक जरासा फेरा दिला की कशी टिकलीसारखी होईल."

"मग?"

"मग काय. माझी नाहीये ती."

हे मथुराने ऐकलं. दार उघडंच होतं. कुकरची शिट्टी तिसऱ्यांदा होऊन गेली तरी गॅस बारीक करायला ती उठली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

फाल्गुन संपता संपता कल्याणी कागदावर एक रेघ घेऊन आली. डावीकडून उतरत आलेली, तळाशी जरा रेंगाळून पुन्हा वर निघालेली. तारा वळला होता, आणि आमच्या गच्चीतल्या धूसर साबुदाण्याने तो वळताना पकडला होता. रेघेत एका आठवड्याचं भगदाड होतं, पण वळण वाचलं होतं. कॅमेरा राहणार, मॅडम म्हणाल्या. भावजींनी कागद हातात घेतला, त्या भगदाडावर बोट ठेवलं. "हा मी," म्हणाले.

"सगळ्यात स्वच्छ जागा तीच आहे बघा," मी म्हटलं. हसले. मग माझं कॅलेंडर सरळ केलं. माझा जीव भांड्यात पडला.

पाडव्याला सकाळी दार उघडलं तर मथुराच्या उंबऱ्यात रांगोळी. कमळ होतं. हात आता थरथरतो तिचा. पाकळ्या म्हणजे चार दिशांना चाललेल्या चार जावा. भावजी बाहेर आले, बघितलं. त्यांनी चपला उचलून हातात घेतल्या, कमळाला वळसा घातला आणि गुढीच्या साखरेच्या गाठी आणायला निघून गेले. तेव्हापासून मथुरा रोज रांगोळी काढत होती. मुद्दाम वाकडी काढते की काय, असाही मला संशय होता.

भावजी गेले ते चैत्रातच, झोपेत, कुणाला तसदी न देता. सगळ्या गोष्टी वेळच्या वेळी आणि नीट करायची सवय.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी दारात मेथी निवडत बसले होते. ते बाहेर आले. खांद्यावर धोतराचा तुकडा, हातात किल्ली.

"काय, निघालात ड्यूटीवर?"

"धूळ काय सुट्टी घेते का, वहिनी?"

मथुरा आतून ओरडली, "येताना कढीपत्ता आणा गच्चीतल्या कुंडीतला. आणि सारख्या पानांचा निवडत बसू नका!"

"हो," म्हणाले. वाकडं कमळ ओलांडलं, कठडा धरत जिना चढले. मी मोबाइल उघडला. चेहरा आला, पुरणपोळीएवढा, धूसर. फडकं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फिरलं. पुढच्या फोटोत पाठ दिसली, पाठीवर डावा हात. त्याच्या पुढच्या फोटोत नुसतं आकाश, आणि मावळतीला, साबुदाण्याएवढा, तो तांबूस तारा.

खाली येऊन त्यांनी कढीपत्ता मथुराकडे दिला आणि मला म्हणाले, "मेथीची जुडी जरा तिरकी ठेवलीय तुम्ही."