हलका केलेला दस्ता

हातात काहीही दिलं, की काका आधी ते तळहातावर झुलवून बघायचे. चहाचा पेला असो, नाहीतर बाजारातली काकडी. मग मान हलवून निकाल द्यायचे, "जड हाय." एकदा आमच्या शेजारणीने कौतुकाने तान्हा नातू त्यांच्या हातात दिला, तर त्यालाही तेच! ती बाई पुढे कित्येक दिवस पोराची दृष्ट काढत होती.

मी मुरबाडजवळ धसईला सुतारकाम करतो. दारं, खिडक्या, नांगर. बंदुकीच्या लाकडाला आयुष्यात एकदाच हात लावला, तो काकांमुळे.

काका सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. माझ्या नात्याचे नाहीत, सगळेच त्यांना काका म्हणायचे. त्यांच्याकडे बापाची जुनी शिकारी रायफल होती, पीक राखायच्या लायसनवर. नळी उसाच्या कांड्यासारखी जाड, खांद्याला लावायचा दस्ता अक्रोडाचा. उचलताना माझ्यासारख्याचीही कंबर बोलायची. पण काका शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून ती फळीला टेकवून ठेवायचे, त्यामुळे वजनाचं त्यांना काही वाटत नसे. जड म्हणायचे नाहीत अशी तेवढी एकच वस्तू.

मग काकी गेल्या. भात पिकून पिवळं झालं होतं. पहाटे सुटलेलं रेडकू शोधायला त्या बांधावरून निघाल्या. शेजारच्या शेताला डुकरांसाठी करंटची तार लावलेली होती, तिच्यावर पडल्या. पोलीस आले, पंचनामा झाला. तार कुठे सापडली नाही. वाडीतल्या सगळ्यांनी तोंडं शिवली, कारण अर्ध्या वाडीच्या शेतांना तशाच तारा होत्या. कोण कोणाकडे बोट दाखवणार?

त्या दिवसापासून काकांनी त्या शेजाऱ्याचं नाव टाकलं. 'तारवाला' म्हणू लागले. हळूहळू वाडी म्हणू लागली, मग बाजारही. त्याच्या सुनेला विहिरीवर बाया 'तारवाल्याची सून' म्हणायच्या. बिचारीचा काय दोष? पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

दिवाळीनंतर काका गोणपाटात गुंडाळलेली रायफल घेऊन माझ्या दुकानात आले. बाकड्यावर ठेवली, खिशातून लायसन काढून दाखवलं आणि म्हणाले, "मिस्तरी, हिला हलकी कर."

"माळ्यावर टेकवून बसायला जडच बरी की, काका. हलकी कशाला?"

"आता हिला घिऊन चालायचं हाय."

"कुठे?"

"चालायचं हाय बोललो ना!"

तारवाल्याचं घर काकांच्या घरापासून चालत जाण्यासारखंच होतं. मी सरळ नाही म्हटलं. तर काका म्हणाले, "तू नको करू. मी कोयत्यानं करतो." आता अक्रोडाच्या लाकडाला कोयता! सुताराच्या जिवाला ते कसं सोसणार, तुम्हीच सांगा. हो म्हणालो.

दस्त्याच्या मागची पाटी काढली, गिरमिटाने आत दोन लांब भोकं पाडली, तोंडाशी लाकडी बुचं बसवली. काकांनी झुलवून बघितली. "मागं हलकी झाली. आता तोंड खाली पडतंय." मग नळीखालचं लाकूड आतून पटाशीने कोरलं. वजन जुळलं, पण तो भाग एवढा लेचापेचा झाला, की अंगठ्याने दाबला तरी वाकून नळीला टेकायचा.

"राहू द्या आता. चालेल," मी म्हणालो.

काका भडकले. "चालंल काय? दवात लाकूड फुगंल, नळीला रेटा दील, आन् गोळी जाईल भलतीकडं. माझ्या मनात हाय तितंच ती गेली पायजे. एक बोटभर इकडंतिकडं नको!"

ते ऐकून काम तिथेच टाकावंसं वाटलं. तरी मुरबाडच्या सरकत्या खिडक्यावाल्याकडून ॲल्युमिनियमची पट्टी आणली, लाकडात आतून खाच पाडून ती बसवली, पक्क्या चिकट्याने जाम केली आणि शिकंज्यात धरून ठेवली. मग काकांनी दोन्ही अंगठे लावून दाबलं. लाकूड हलेना.

"हलकी बंदूक लाथ जोरात मारते, काका," मी मागे चपलेचं रबर ठोकत म्हटलं.

"म्हातारीपरीस कमीच मारंल."

काकी गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा ते हसले. हसता हसता पंच्याने डोळे पुसू लागले. "रोज भांडायची रं. आता मी भांडायचं कोनाशी?" मी रंधा उचलला आणि उगाच एका फळीवर फिरवत बसलो.

पुढचे कित्येक महिने वाडीकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायचो, "काय, सगळं ठीक ना?" लोकांना वाटलं, मिस्तरी फारच मायाळू झालाय.

भात पुन्हा पिकायला आलं तेव्हा खबर आली, ती भलतीच. काका घरोघर जाऊन सांगत होते, "तार काढ. तुझं शेत मी राखतो." काकींचं मरण लोकांनाही मनात खात होतंच. एकेकाने तारा काढल्या. काका ती हलकी रायफल खांद्यावर टाकून रात्रभर सगळ्यांच्या बांधांवरून फिरायचे. डुकरं दिसली की जवळच्या बांधाच्या मातीत गोळी मारायची. कळप उधळायचा.

"आजूबाजूला माळ्यांवर मानसं असत्यात, मिस्तरी," ते मला म्हणाले, "गोळी मातीतच गेली पायजे." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आणि मी ह्या माणसाला खुनी समजत होतो!

पण थांबा. काका सगळ्या शेतांवरून फिरायचे आणि तारवाल्याच्या बांधाशी येऊन मागे वळायचे. सगळीकडून हाकललेली डुकरं जाणार कुठे? जिथे शांत असेल तिथे. तारवाल्याच्या शेतात भाताचा दाणा उरला नाही. दुसऱ्या साली तेच. तार लावायची सोय नाही, अख्ख्या वाडीचे डोळे त्याच्यावर. तो डबे बडवून थकायचा, तर डुकरं दुसऱ्या टोकाने शिरायची. मला विचाराल तर मी पोटभर हसलो. झालं ते बेस झालं!

शेवटी तारवाला मला मध्यस्थ घालून काकांच्या ओटीवर आला. दिवेलागणीची वेळ होती. आल्या आल्या त्याने काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. "काका, चुकलो. माज्या बांधावरनं पन एक फेरी मारा."

काकांनी पाय मागे घेतले. आवाज चढवला नाही.

"तार लावलीस, त्याचं मी काय बोलत नाय. समदेच लावीत होते. मी पन एका साली लावली होती. पन मी आलो तवा म्हातारी तितंच चिखलात पडली होती आन् तुजी तार तुज्या पडवीत गुंडाळून ठेवलेली होती. आदी तार गुंडाळलीस, रे! तेवढ्या येळात ती पानी मागत आसंल. त्या येळाचं काय करू, सांग."

तारवाला उठून गेला, तेव्हा त्याला रस्त्यापर्यंत पोचवायलाही मी उठलो नाही.

एका पावसाळ्यात काकांना दम्याने धरलं, ते पुन्हा उठलेच नाहीत. भेटायला गेलो, तर अंगावरची घोंगडीसुद्धा पेलवत नव्हती. मला जवळ बोलावून म्हणाले, "आता डुकरं समद्यांच्याच शेतात शिरनार. त्याला बरं वाटंल. त्याला बरं वाटायला नको, मिस्तरी." मरताना देवाचं नाव घ्यावं म्हणतात. त्यांना ह्याच एका गोष्टीची काळजी होती. हे मी कोणापाशी बोललो नाही. असलं काय सांगायचं लोकांना?

बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. भात पिकलं. तारवाल्याने त्या साली उमेदीने शेत केलं होतं. एका संध्याकाळी माझी पावलं आपोआप वाडीकडे वळली. बघतो तो काय, सगळी वाडी डबे, पातेली, थाळ्या घेऊन बांधांवर उभी! म्हातारी माणसं होती, बायाबापड्या होत्या. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी बोलावलं नव्हतं. रानाच्या कडेला डुकरं हलली आणि एकच कल्लोळ उठला. तीन बाजूंनी माणसं होती. चौथी बाजू, तारवाल्याच्या बांधाची, मोकळी सोडलेली होती.

माझ्या हातात दुकानातला रंगाचा डबा होता. मला शेत नाही. तरी हात दुखेपर्यंत मी तो बडवत होतो.